दोन गच्च्यांवरची मिरची

एप्रिल लागला की नैरोबीत आभाळ खाली उतरतं. सकाळी स्वेटर, दुपारी पाऊस, संध्याकाळी चिखल. या दिवसांत माझ्या गच्चीवर मिरचीचं एक बीसुद्धा सापडणार नाही. इथलं मिरचीचं ऊन जानेवारी-फेब्रुवारीचं. ते संपलं की ताडपत्र्या घडी होऊन जिन्याखाली जातात आणि मी दुकानात बसून लोकांवर चिडचिड करते. कारण नेमक्या याच दिवसांत तिकडे लालबागच्या गल्लीत मिरचीचे डोंगर लागलेले असतात. बायका पदर नाकाला लावून दर विचारत असतात, डंका सकाळपासून धाडधाड चालू असतो, आणि मी तिथे नसते.

काल माझी मदतनीस ग्रेस जिन्यात रिकामी गोणी झटकत होती. तळाशी राहिलेली बेडगीची धूळ उडाली आणि मला असा ठसका लागला की भिंत धरावी लागली. ग्रेसने पाण्याचा पेला आणला. "मामा पिलिपिली," ती म्हणाली, "सगळं आयुष्य मिरचीत गेलं, अजून सवय नाही?" मामा म्हणजे इकडे आई, पिलिपिली म्हणजे मिरची. इथल्या बाजारात मला याच नावाने ओळखतात. मी पाणी प्यायले आणि तिला कामाला लावलं. डोळे पुसले नाहीत, कारण मिरची हाताळलेल्या हाताने डोळे पुसायचे नसतात. हे मला कोणी शिकवलेलं नाही. आईला बघून कळलं.

आमची खोली लालबागला, तिसऱ्या मजल्यावर. वडील गिरणीत होते आणि गिरणी बंद झाल्यावर घरात. आई मसाल्याच्या गल्लीत एका व्यापाऱ्याकडे मिरचीचे देठ खुडायला बसायची. उन्हाळाभर खुडायची. संध्याकाळी घरी आली की खोबरेल लावून हात पसरून बसायची, बोटं कुणाला लागू नयेत म्हणून अंगापासून लांब. एप्रिल-मेमध्ये तिने आमच्या तोंडाला कधी हात लावला नाही. वेणी घालायची ती शेजारची कमलमावशी. मला लहानपणी वाटायचं की सगळ्याच आया उन्हाळ्यात मुलांना हात लावत नाहीत, ती ऋतूचीच रीत आहे.

घरच्या मसाल्याची मिरची मात्र ती गच्चीवर वाळवायची. गच्ची सगळ्या चाळीची, त्यामुळे पहाटे उठून चटई टाकून कोपरा अडवावा लागे. मग दिवसभर माझी राखण. खालून तिचा आवाज यायचा, "गो शालू, मिरची बघ, कावळे इले!" मी बघायची. पायाखाली तापलेला कोबा, समोर तांबडा गालिचा, पलीकडे गिरणीची धूर न सोडणारी चिमणी. कावळे मिरची खात नाहीत, नुसते पसरतात. त्यांना हाकलण्यात जो आनंद होता तो मला पुढे फक्त दुकानातून गिऱ्हाइकं हाकलण्यात मिळाला.

भाव करायला मी आईकडून शिकले. ती दुकानात कधी दर विचारायची नाही. मिरची हातात घ्यायची, कानाशी नेऊन हलवायची. आत बी वाजलं तर मिरची वाळलेली. मग मोडायची, वास घ्यायची, आणि काही न बोलता निघायची. दोन पावलं. तिसऱ्या पावलाला दुकानदार हाक मारायचाच. "माल विकायचाच आसा त्याका," ती मला सांगायची. "आपणाक घेवचोच आसा ह्यां त्याका कळता नये." आपल्याला घ्यायचंच आहे हे त्याला कळता कामा नये. एवढ्या एका गोष्टीवर मी परक्या देशात दुकान उभं केलं.

दुसरी शिकवण डंक्याची. डंका म्हणजे मसाला कुटण्याचं यंत्र. लोखंडी मुसळांची रांग खड्ड्यांत वरखाली आपटत असते. आपला मसाला खड्ड्यात पडला की तो कुटून, चाळून, पिशवीत भरून होईपर्यंत तिथून उठायचं नाही. तहान लागली तरी नाही. "नजर काढू नको गो. नजर गेली काय मसालो बदललो." लालबागच्या सगळ्या बायका असंच करतात. डंकेवाल्यावर त्यांचा राग नसतो, उलट त्याच्याशी हसून बोलतात. पण उठत नाहीत. मीही कधी उठले नाही. लग्न होऊन नैरोबीला आले, नवरा सहा वर्षांत गेला, मागे एक फ्लॅट आणि बंद पडलेली गाडी ठेवून गेला, आणि मी आईने पाठवलेला मसाला कागदाच्या पुड्यांतून इथल्या गुजराती आणि गोवेकर घरांत विकू लागले, तेव्हापासून आजपर्यंत माझा माल मी नजरेआड होऊ दिलेला नाही.

इथे मिरची वाळवायचं काही कारण नाही असं वाटेल, ती तर वाळलेलीच येते. पण मुंबईहून जहाजाने मोंबासाला उतरते तेव्हा तिने समुद्र प्यायलेला असतो. हातात घेतली तर चामड्यासारखी वाकते, बी मुकं झालेलं असतं. तिला पुन्हा ऊन दाखवावं लागतं. म्हणून जानेवारीत गोण्या सोडायच्या, गच्चीवर पसरायच्या, आठ-दहा दिवस उलटसुलट करायच्या. इथे कावळ्यांची भीती नाही. समोरच्या झाडांवर माणसाच्या कमरेएवढे टकले करकोचे बसलेले असतात, गळ्याखाली पिशवी लोंबणारे. ते मिरचीकडे ढुंकून बघत नाहीत. नुसते उभे असतात, मयताला आलेल्या लोकांसारखे.

नैरोबीत कुणी नैरोबीचा नसतो. ग्रेसला मी पहिल्या आठवड्यात विचारलं होतं, तू कुठली? तिने पश्चिमेकडच्या कुठल्या तरी गावाचं नाव सांगितलं. मग कळलं की तिचा जन्म इथला, शाळा इथली, लग्न इथलं, आणि त्या गावी ती वर्षातून एकदा डिसेंबरात जाते. तरी गाव ते. नैरोबी म्हणजे कामाची जागा. मेल्यावर पुरायला गावी नेतात. मला तेव्हा आमची चाळ आठवली. तिथेही कुणी लालबागचा नव्हता. सगळे मालवणचे, देवगडचे, राजापूरचे. मे महिन्यात चाळ रिकामी व्हायची. आई चाळीस-पंचेचाळीस वर्षं त्या खोलीत राहिली आणि शेवटपर्यंत म्हणत राहिली, "ह्यां काय आपलां घर? आपलां घर गावाक." त्या गावात तिच्या नावाचा एक माडसुद्धा नव्हता.

म्हणजे तिला ते घर वाटलं नाही आणि मला तेच एक घर वाटलं. इकडे लोक मला विचारतात, तुझं गाव कुठलं, आणि मी लालबाग म्हणते. मालवण माझ्या तोंडात येत नाही. तिकडे गेले की चाळीतले लोक विचारतात, "कधी आलीस?" आणि मी उत्तर देऊन होण्याआधी, "कधी जाणार?" इकडे ते दुसरं कोणी विचारत नाही. इकडे मी परकी आहे हे कातडीवर लिहिलेलं आहे, त्यामुळे विचारायची गरज पडत नाही.

आता गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीचं लिहिते. त्याशिवाय एप्रिलचं लिहिता येणार नाही.

दुपार होती. गच्चीवर बारा गोण्या मिरची पसरलेली. तिसराच दिवस, बी अजून वाजत नव्हतं. हवामानवाले ढग सांगत होते आणि मी आभाळाकडे डोळे लावून बसले होते. दिनूचा फोन आला. दिनू माझा धाकटा भाऊ, परळच्या एका इस्पितळात लिफ्ट चालवतो. आई त्याच्याचकडे, लालबागच्या त्याच खोलीत.

"ताई, ये. आईला बरं नाही."

"किती बरं नाही?"

"छातीत पाणी झालंय. डॉक्टरांनी घरी पाठवलंय. म्हणाले, कुणाला बोलवायचं तर बोलवा."

"डॉक्टर असंच म्हणतात. पंधरा दिवसांत येते."

"पंधरा नको ताई. चार दिवसांत ये."

"चार दिवसांत बारा गोण्या कुठे टाकू? बुरशी धरली तर वर्ष गेलं माझं. दहा."

"सहा."

"दिनू, सहा दिवसांत मिरची वाळते का? तूही लालबागचाच ना? आठ."

तो गप्प झाला. फोनमधून पंख्याचा आवाज येत होता. मग म्हणाला, "बरं. आठ."

फोन ठेवताना मला जे वाटलं ते लिहायची लाज वाटते, पण लिहिते. मला बरं वाटलं. पंधरावरून आठावर मी उतरले होते, चारवरून आठावर तो चढला होता. रास्त सौदा झाला असं वाटलं.

आई पाचव्या दिवशी गेली. मी मिरचीजवळ बसले होते. त्या सकाळी बी वाजायला लागलं होतं.

मी पोचले तेव्हा तिला नेऊन दोन दिवस झाले होते. तेराव्यापर्यंत राहिले आणि त्या सगळ्या दिवसांत दिनूशी एक शब्द बोलले नाही. निघताना चाळीच्या गॅलरीत, सगळ्यांच्या देखत, त्याला म्हणाले, "एवढं झालं होतं तर तू आठावर मान्य का केलंस? ओरडायचं होतंस. आई मरतेय म्हणून सांगायचं होतंस. तू मला नीट सांगितलंच नाहीस." तो कठड्याला टेकून उभा होता. त्याने उत्तर दिलं नाही. त्याच्या त्या गप्प राहण्यावर मी पुढचे दोन महिने जगले, मधूनमधून फोन करून त्याला तेच ऐकवत. माणसाला आपली चूक दुसऱ्याच्या नावावर चढवता आली की झोप लागते. मला लागत होती.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्याचा फोन आला. चाळ पाडणार होते, तिथे टॉवर होणार होता. भाडेपावती आईच्या नावावर, वारस आम्ही दोघं. बिल्डरच्या माणसाला खोली एकाच नावावर हवी होती. म्हणजे मी हक्कसोडपत्रावर सही करायची. मराठी घरांतल्या बहिणींना हा कागद नवीन नाही. भाऊबीजेच्या साडीइतकाच तो ठरलेला असतो. साडी दरवर्षी मिळते आणि कागद एकदाच मागतात, एवढाच फरक. मी म्हटलं, येते. किती दिवसांत ते त्याने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. चौथ्या दिवशी दारात उभी राहिले.

सुजाताने, दिनूच्या बायकोने, मला चहा बशीसकट नव्या कपातून दिला. ते घरातले कप नव्हते. पाहुण्यांचे होते. "दमला असाल ताई," ती म्हणाली, "पंख्याखाली बसा ना." मी पंख्याखाली बसले. आईची खाट उचलली होती. त्या जागी शिलाई मशीन आलं होतं. भिंतीवर खाटेच्या डोक्याकडची तेलकट खूण तेवढी राहिली होती, आईचं डोकं टेकायचं तिथली. मी तिकडे बघतेय हे पाहून सुजाता म्हणाली, "रंग काढायचाच होता, पण आता पाडणारच म्हटल्यावर..."

दुसऱ्या दिवशी मी गल्लीत गेले. या वर्षीचा घरचा मसाला मीच करणार असं जाहीर केलं होतं. कुणी हो किंवा नाही म्हटलं नव्हतं. गल्ली तीच. नाकात जाणारी धूळ तीच, पायाखाली चुरडणारे देठ तेच. संकेश्वरी, लवंगी, काश्मिरी, तांबड्याच्या इतक्या छटा की डोळ्यांना काही वेळ दुसरा रंग सुचत नाही. एका दुकानात मी बेडगी उचलून कानाशी नेली. गल्ल्यावरचा पोरगेला मालक म्हणाला, "मॅडम, एकदम सुखा माल है. सूंघ के देखो."

माझं डोकं फिरलं. "मराठीत बोल रे! या गल्लीत माझ्या आईने देठ खुडलेत. तुझा बाप तेव्हा शाळेत जात असेल!"

तो जराही दबला नाही. "मग काकी, भाव करू नका. तुम्हाला तर माहीतच असेल काय परवडतं ते."

बाजूच्या दोन बायका खळखळून हसल्या. मी आईसारखी निघाले. एक पाऊल, दोन पावलं, तीन, चार. हाक आली नाही. वळून पाहिलं तर तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला गोणी उघडून दाखवत होता. आयुष्यात पहिल्यांदा मी परत गेले आणि त्याने सांगितलेल्या दरात मिरची घेतली. त्याने पिशवी नीट दुहेरी बांधून दिली. "बाहेरगावी न्यायची ना?" त्याने विचारलं. कशावरून ओळखलंस, असं मी विचारलं नाही.

त्या संध्याकाळी जेवण झाल्यावर दिनूने विषय काढला.

"ताई, सहीचं काय करतेस?"

"करते ना. पण फुकट नाही करणार."

सुजाता भांडी घासायची थांबली.

"काय हवं ते बोल," दिनू म्हणाला. "नव्या घरात एक खोली तुझी. तू कधीही ये. तसं लिहून देतो."

"खोली नको. एक वाक्य हवं."

"म्हणजे?"

"म्हणायचं, ताई, आईचं एवढं झालंय हे मी तुला नीट सांगितलं नाही, माझं चुकलं. कमलमावशीला बोलवायचं आणि तिच्यासमोर म्हणायचं. उद्या सही."

त्याने मान खाली घातली. बोटाने चटईची काडी सोलत राहिला. मला वाटलं, आता म्हणेल. त्याला घर हवं होतं, दोन मुलं होती, वाक्याला काय लागतं?

"ते सोडून काहीही माग," तो म्हणाला.

"मला दुसरं काही नको."

"मग राहू दे. नको करूस सही."

सुजाता म्हणाली, "अहो, बोला ना! एक वाक्यच तर आहे."

"तू मध्ये पडू नकोस," तो म्हणाला आणि चप्पल घालून खाली गेला.

मला संताप आला, पण त्या संतापाखाली धंद्यातली शंका होती. ज्याला माल विकायचाच असतो तो शेवटी वाकतो. हा वाकला नाही. माणूस इतका अडतो तेव्हा त्याच्यापाशी असं काहीतरी असतं जे तो दाखवत नाही. मी रात्रभर हाच हिशोब लावत पडले की दिनू काय लपवतोय. आईचे दागिने? दुसरा कुठला कागद? मला सुचलं ते सगळं माझ्याच मापाचं होतं.

मिरचीला तीन दिवस ऊन दिलं. गच्चीवर आता फक्त आमचीच चटई होती, कोपरा अडवायची गरज नव्हती. अर्ध्या खोल्यांना कुलपं होती, लोक भाड्याच्या घरांत निघून गेले होते. मी भर उन्हात छत्री घेऊन बसून राहिले. गिरणीच्या जागी काचेचा उंच मनोरा होता आणि त्याच्यावरून परावर्तित झालेलं दुसरं ऊन संध्याकाळी पाचपर्यंत मिरचीवर पडत होतं. लालबागच्या गच्चीवर पूर्वी नव्हतं इतकं ऊन. मिरची लवकर वाळली.

चौथ्या दिवशी डंक्यावर गेले. सोबत कमलमावशी. आता ऐंशीच्या पुढची, कमरेत वाकलेली, पण मसाल्याच्या वाट्याचं प्रमाण तिलाच ठाऊक होतं. धणे, बडीशेप, दगडफूल, नागकेशर, हळकुंड, सगळं भाजून घरूनच नेलं होतं. आमचा नंबर दुपारी लागला. मिरची खड्ड्यात पडली, मुसळं सुरू झाली, जमीन हादरायला लागली. बाकड्यावर आम्ही दोघी, नाकाला फडकी बांधून. त्या आवाजात बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. मी मावशीच्या कानात दिनूबद्दल ओरडून सांगत होते. त्याने मला अंधारात ठेवलं, त्याने फोनवर नीट सांगितलं नाही, आणि आता साधी चूक कबूल करत नाही, घरावर पाणी सोडतो पण तोंड उघडत नाही.

मावशी ऐकत होती. मध्येच तिने माझ्या मांडीवर चापट मारली. काहीतरी बोलली, मला ऐकू आलं नाही.

"काय?"

ती पुन्हा बोलली आणि त्याच वेळी डंकेवाल्याने मसाला वरखाली करायला यंत्र थांबवलं. तिचं ओरडणं त्या शांततेत सगळ्या गाळ्याला ऐकू गेलं.

"अगो, फोन मोठ्यान लावलेलो! आम्ही सगळी थंयच होतव. तुझ्या आवशीन ऐकलां सगळां!"

फोन स्पीकरवर होता. आई ऐकत होती.

बाकड्यावरच्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. डंकेवाल्याने फावडं मारलं आणि यंत्र परत सुरू केलं. मी मावशीच्या तोंडाशी कान नेला. ती आता सावकाश, एकेक शब्द सांगत होती. दिनूने फोन आईच्या उशाशी धरला होता, तिला लेकीचा आवाज ऐकू यावा म्हणून. मी पंधरा म्हटलं, तो चार म्हणाला. मी दहा म्हटलं, तो सहा म्हणाला. मी आठ म्हटल्यावर तो गप्प झाला होता, तेव्हा तो काही विचार करत नव्हता. तो आईकडे बघत होता. आईने आठ बोटं वर केली आणि मान हलवली, दे म्हणून. फोन ठेवल्यावर ती म्हणाली,

"आठार इलां चेडू. माका वाटलां, धा तरी म्हणतलां."

मुलगी आठावर आली. मला वाटलं होतं, दहा तरी म्हणेल.

"हसली?" मी मावशीला विचारलं.

"हसली गो," मावशी म्हणाली. मग नाकावरचं फडकं सारखं करून, "मगे भिंतीकडे तोंड केल्यान."

मसाला चाळून पिशवीत भरून होईपर्यंत मी तिथून उठले नाही. खड्ड्यातून तांबडी वाफ येत होती, सगळ्या बायकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि कुणी पुसत नव्हतं, त्यामुळे माझं वेगळं दिसलं नाही.

आईच्या त्या वाक्याला मी वर्षभर उलटसुलट केलं आहे. चांगला सौदा झाला की आई हसायची, हे खरं. मी तिच्याच हातची, मला तिनेच शिकवलं, तेव्हा कदाचित तिला कौतुकही वाटलं असेल. पण आपल्याला घ्यायचंच आहे हे समोरच्याला कळू द्यायचं नाही, हेही तिनेच शिकवलं होतं. तिला मी हवी होते की नाही हे तिने मला कळू दिलं नाही. मला कळलं नाही. आम्ही दोघी एकाच गल्लीत तयार झालेल्या, दोघींनी आपापल्या हातातला पत्ता झाकून ठेवला आणि तीन दिवस कमी पडले.

संध्याकाळी दिनू कामावरून आला. मी पिशवी पुढे ठेवली. त्याने चिमूटभर मसाला तळहातावर घेऊन हुंगला.

"झाला चांगला," तो म्हणाला.

"उद्या जाऊ सहीला."

"आणि ते वाक्य?"

"नको."

त्याने समोरच्या कमलमावशीच्या दाराकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"तू का नाही सांगितलंस?" मी विचारलं. "मी तुला चाळीसमोर बोलले. एक शब्द तोंडातून काढला नाहीस."

"काय सांगणार ताई?" तो मसाला परत पिशवीत झटकत म्हणाला. "माझ्यावर चिडलेली होतीस तेच बरं होतं. शिव्या द्यायला का होईना, फोन करायचीस."

सुजाता आत कुकर लावत होती. तिने विचारलं, "ताई, भात किती टाकू?" आणि आम्ही दोघांनी एकदमच सांगितलं. तेवढंच त्या दिवशी आमचं एकमत.

सहीचं कार्यालय दादरच्या एका जुन्या इमारतीत होतं. जिन्यात माणसं कागद मांडीवर धरून बसलेली. आमच्या पुढे एक कुटुंब होतं, तीन बहिणी आणि एक भाऊ. बहिणी एकमेकींच्या साड्यांबद्दल बोलत होत्या. आमचा नंबर आला तेव्हा खिडकीतल्या कारकुनाने मला कागद वाचून दाखवला. मी परदेशी वास्तव्यास असून सदर खोलीत राहत नाही. सदर खोलीवर माझा व माझ्या वारसांचा कोणताही हक्क राहणार नाही. मी कुणाच्याही दबावाखाली नाही.

"मान्य?"

"मान्य."

मी हे बोलले तेव्हा दिनू पलीकडे खांबाला टेकून जमिनीकडे बघत होता. काहीतरी अजून मागावं, एखादी अट घालावी, असं हाताला वाटत होतं. सवयीने. पण मागायला काही सुचेना.

कारकुनाने संगणकाकडे वळून विचारलं, "कायमचा पत्ता?"

मी सांगितला. खोली नंबर, तिसरा मजला, चाळीचं नाव, लालबाग. लहानपणापासून पाठ असलेला, शाळेच्या दाखल्यावरचा, पासपोर्टावरचा, इथून पाठवलेल्या प्रत्येक पार्सलवरचा.

त्याने टाइप करता करता हात थांबवला. "बाई, वर लिहिलंय तुम्ही तिथे राहत नाही. आणि खाली तोच पत्ता? असं नाही चालत."

"लिहा हो," दिनू पुढे येऊन म्हणाला. "काय फरक पडतो?"

"मला नाही पडत. साहेब कागद परत पाठवतील." तो माझ्याकडे वळला. "दुसरा सांगा. तिकडचा."

"दोन्ही लिहा."

"रकाना एकच आहे."

मी तिकडचा सांगितला. नैरोबीत पोस्टमन घरोघर येत नाही. टपाल कचेरीत भाड्याने पेटी घ्यायची, तिचा नंबर हाच आपला पत्ता. मी पेटीचा नंबर सांगितला.

"घर नंबर?"

"घर नंबर नाही. पोस्टातली पेटी आहे. तिथे असंच असतं."

"रस्ता? गल्ली?"

"पेटीच."

त्याने चष्मा वर केला. मागे रांगेत कुणीतरी घाई करत होतं. दिनू काहीतरी बोलणार होता, मी हाताने थांबवलं.

"म्हणजे कायमचा पत्ता म्हणून," कारकून म्हणाला, "पेटी लिहू?"

"लिहा," मी म्हटलं.